उचललेला पाय

बसा पाव्हणं, घोंगडीवर बसा. लाईट आत्ताच गेली, आता जेवणं होईतो यायची नाही. कंदील आहे तेवढा पुरे. भांडगावहून एवढ्या लांब घोडी बघायला आलात, चहा घेतल्याशिवाय कसं सोडू? धुरपदेनं आधण ठेवलंय.

घोडी आत गोठ्यात आहे. मैना तिचं नाव. दाखवतो, पण तुमच्या हातातली ती तंबाखूची डबी तेवढी जपून झाका. तंबाखू खुशाल खा. फक्त झाकण टक्कन वाजवू नका. का ते सांगतो. ते ऐकूनही तुम्हाला मैना तुमच्या गाड्यापुढं पळवायची असली, तर मग पुढचं बोलू.

मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. रचून सांगायला मला येत नाही, घडलं तसं सांगतो. आणि आमच्यात भूतंखेतं मानत नाहीत. विहारात पोरांना तेच शिकवतात आणि ते बरोबरच आहे. म्हणून मी याला भूत म्हणणार नाही. काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

मी तेव्हा हौसरावाच्या वस्तीवर जनावरं राखायला होतो. घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडं त्याची वस्ती. माणूस तसा वाईट म्हणता येणार नाही. माझी बायको धुरपदा आजारी पडली तेव्हा स्वतःच्या जीपमधून शिरूरला नेलं होतं त्यानं. पण बैलगाड्याचं वेड. चैत्र लागला की त्याच्या डोळ्यांत दुसरं काही मावायचं नाही. तुम्ही गाडेवाले, तुम्हाला घाट काय सांगायचा? मातीचा चढ, वर निशाण, गाड्याला चार बैल आणि सगळ्यांच्या पुढं घोडी. घोडी जशी सुटेल तसे मागनं बैल सुटतात. घोडी ढिली पडली की बैल घाटात घोटाळतात आणि मालकाचं नाक कापलं जातं.

तर एक दिवस हौसरावानं मला सांगितलं, आबा, दौंडच्या रस्त्याला टेम्पो येतोय, तेवढी घोडी उतरवून घ्या. मी दावं घेऊन गेलो. साधं काम होतं.

टेम्पोची फळी पडली आणि ती खाली आली. तांबूस रंग, उंच, बारीक पायांची. पुण्याच्या रेसची घोडी होती ती. नंबरात येईना म्हणून काढून टाकलेली, त्यात गाभण. आपल्यातला माणूस थकला की उन्हाला बसतो, नातवंडं खेळवतो. रेसची घोडी थकली की तिचं काय होतं, हे तिकडं खुर्चीवर बसून टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानं तरी विचारलं असेल का? ती टेम्पोत बसून इकडं येते. इकडं आम्ही असतोच, राहिलेलं ओरबाडून घ्यायला.

तिच्या उजव्या पुढच्या पायावर, गुडघ्याखाली, केस नव्हते. तापल्या लोखंडाचे ओळीनं डाग होते. इलाज म्हणून देतात म्हणे. चालताना मान अशी झुलवायची, की धुरपदेनं बघताक्षणी नाव ठेवलं, साळू.

पहिल्याच संध्याकाळी धुरपदा माझी भाकर घेऊन गोठ्यावर आली. जेवण झालं, तिनं स्टीलच्या डब्याचं झाकण लावलं. टक् झालं. तशी साळूनं उजवा पाय उचलला आणि पुढं धरला. डोळे मिटून घेतले.

"अगंबाई," धुरपदा म्हणाली, "हात मिळवती जणू!"

आम्ही दोघंही हसलो. पण तो पाय थरथरत होता, आणि बराच वेळ तिनं तो खाली ठेवला नाही.

त्याचा अर्थ कळला तो विश्वजीतमुळं. विश्वजीत हौसरावाचा मेव्हणा. दौंडला जनावरांच्या औषधांचं दुकान होतं त्याचं. सुया तो स्टीलच्या चपट्या डबीत ठेवायचा. तिचं झाकण तसंच वाजायचं. टक्. ज्या घोडीला सुई दिसायच्या आधी नुसत्या आवाजावर पाय पुढं करायची सवय लागते, तिला किती वेळा टोचलं असेल? मारकं जनावर लाथ तरी मारतं. तिनं तेही सोडून दिलं होतं.

साळू वस्तीवरच व्याली. मैना झाली. दोन-तीन वर्षं साळूनं हौसरावाचा गाडा सगळ्यांच्या पुढं काढला. ढाली काय, फेटे काय, विचारू नका. बैल तिच्या वासावर पळायचे. दुसरी घोडी पुढं उभी केली तर जागचे हलायचे नाहीत.

मग त्या साली, जत्रेच्या तोंडावर, तिचा तो पाय तापला. हात लावला की चटका बसावा असा. मी हौसरावाला बोलावून दाखवलं.

"औंदा हिला सोडू नगा," म्हटलं. "पाय थांबाया मागतोय तिचा."

हौसराव माझ्याकडं न बघता बैलांच्या शिंगांकडं बघत म्हणाला, "आबा, गावाम्होरं शब्द दिलाय."

"शब्द तुमी दिलाय. तिनं कुठं दिलाय?"

विश्वजीत हसला. "काय आबा, घोडीचं वकीलपत्र घेतलं का? ह्ये टोचलं की पायाला कळतच न्हाई बघा."

"कळत न्हाई म्हंजी बरं हुतं का?"

"बरं कशाला व्हायला पायजे? निशाणापत्तर गेलं की झालं."

त्यानं डबी उघडली, सुई भरली, झाकण लावलं. टक्. साळूनं पाय पुढं केला.

घाटात मी खालीच उभा होतो. कर्णा बोंबलत होता, झाली, झाली, झाली. भिर्रर्र म्हणून गलका उठला. साळू सुटली आणि बैल तिच्या मागं. अर्धा घाट गेला असेल तोच काडकन आवाज आला. वाळलं लाकूड मोडावं तसा. कर्ण्याच्या वरताण ऐकू आला तो. मला वाटलं गाड्याचं जू मोडलं. जू नव्हतं मोडलं. साळूचा पाय मोडला होता, खालचा खूर नुसता कातड्याला लोंबत होता, आणि ती पळत होती. पाव्हणं, ती पळतच होती. तिला कळलंच नव्हतं. त्या थोटकावर ती निशाणाच्या पार गेली.

लोकांनी भंडारा उधळला.

वर जाऊन ती थांबली आणि पाय टेकवायला लागली. टेकवायची, पाय नाही. परत टेकवायची. आपलं काय हरवलंय ते शोधत असल्यासारखी इकडंतिकडं बघायची. सगळ्यांनी बघितलं. आणि मग काय केलं? पुढचा गाडा लागला होता, खोळंबा नको म्हणून ट्रॅक्टरला साखळी लावून तिला ओढ्यात ओढून नेलं. बाभळीखाली टाकलं. मी हौसरावाला म्हटलं, सरकारी डॉक्टर आणा, तिला सोडवा तरी. तो फेटा बांधून घेत होता. "येतो आबा, मिरवणूक झाली की येतो." विश्वजीतला म्हटलं, मरणाची सुई असेल तर ती दे. म्हणाला, ती न्हाई माझ्याजवळ.

दुपार कलली तशी इंजेक्शनाचा जोर उतरला. मग तिला कळलं.

ते मी सांगत नाही. मी तिच्या मानेशी बसलो होतो एवढंच सांगतो. वर घाटात दिवस मावळेपर्यंत गाड्यांच्या बाऱ्या चालल्या, आणि तिचा आवाज झाकावा म्हणून कुणीतरी कर्णा मोठा केला. कुणी केला ते मला ठाऊक आहे. आज तो माणूस रस्त्यात भेटला की राम राम घालतो. मी हात वर करत नाही. माझा स्वभाव तापट नाही हो, कुणालाही विचारा. पण तो कर्णा माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

तिथंच ओढ्यात खड्डा करून तिला पुरलं.

पावसाळा गेला, थंडी गेली. पुन्हा ऊन तापायला लागलं तेव्हा ते सुरू झालं. रात्री नाही. भर दुपारी. माणसं जेवून आडवी झालेली, कोंबड्याही सावलीला. अशा वेळेला वस्तीच्या फाटकापासून आवाज यायचा. टप, टप, टप... आणि एक मुकी जागा. परत टप, टप, टप... आणि मुकी जागा. हळूहळू अंगणातनं ओसरीपर्यंत यायचा. तिथं हौसरावाची बाज. बाजेपाशी थांबायचा. मग वास. स्पिरिटचा, आणि त्याच्याखाली जळक्या केसांचा.

मला वाटलं माझेच कान वाजतात. पण एकदा हौसरावाची बायको सुलक्षणावहिनी गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. तोंड पांढरं पडलेलं.

"आबा... मैना बांधल्याली हाय का?"

"हाय की. ही काय."

"मग अंगणात कोण हाय?"

अंगणात कुणीच नव्हतं. धुरळ्यावर खूर उमटला नव्हता. हौसराव बाजेवर पालथा पडला होता, उशी कानांवर दाबून.

आता यातली चूक कुठं झाली, ते ऐका. मी तरुणपणी इनामगावच्या खोदकामावर पाट्या वाहिल्या होत्या. तिथं जुन्या काळची माणसं पुरलेली निघाली. कैक सांगाड्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले. आम्ही साहेबांना विचारलं, असं का? ते म्हणाले, नक्की कुणाला ठाऊक? मेलेला परत चालत येऊ नये म्हणून तोडत असतील. ही गोष्ट मी शेकोटीला बसून वस्तीवर अनेकदा सांगितली होती. हौसरावानं ती मनात धरली.

एके सकाळी कुऱ्हाड घेऊन माझ्याकडं आला. "आबा, चला वड्यात."

"कशाला?"

"तुमीच सांगत व्हता न्हवं? पाय तोडलं की येत न्हाईत."

मी जागचा हललो नाही. म्हटलं, "जित्तेपणी एक मोडलात. आता मेल्यावर राहिलेलं तोडता? हौसराव, ती तुमचं पाय धराया येत असंल. तिला इचारा तरी, काय पायजे."

"घोडीला इचारू?" तो हसायला गेला, पण हसू फुटलं नाही. विश्वजीतला घेऊन तोच गेला. काय केलं ते मी बघितलं नाही. परत आला तेव्हा धोतराला माती होती आणि कुऱ्हाड धुतलेली होती.

टापा थांबल्या. खरंच थांबल्या. दुपार पहिल्यासारखी मुकी झाली. हौसराव पोटभर जेवायला लागला. मला म्हणाला, "बगा, तुमच्या इनामगाववाल्यांना अक्कल व्हती."

पण थोड्याच दिवसांत सुलक्षणावहिनीनं सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे डाग बघितले. बाजेपासून चुलीपर्यंत, चुलीपासून दारापर्यंत. एकाच पायाचे. ती मागं मागं गेली तर हौसराव न्हाणीपाशी उभा राहून दात घासत होता. उजव्या तळव्यात बाभळीचा काटा, टोक वरनं बाहेर आलेलं.

"अवं... पायात काय ह्ये?"

त्यानं खाली बघितलं. "आयला," म्हणाला, "कवा घुसला?"

त्याला काही कळलं नव्हतं. शिरूरला डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरनं टाचणी टोचली, हातोडी मारली, तरी त्याला कळेना. आजार काही सापडला नाही. आणि मी गोठ्यातनं त्याला अंगणात चालताना ऐकायचो. पायात चपला. तरी तीन ठोके पडायचे... आणि मग मुकी जागा.

तिचे पाय तोडले होते ना त्यांनी. मग ती कशानं चालणार?

चैत्र आला. गाड्यापुढं कोण, हा प्रश्न होताच. भाड्यानं दोन घोड्या आणून बघितल्या, बैल मान खाली घालून उभे राहिले. मग हौसराव मैनेपाशी आला. तिच्या अंगाला आईचा वास. तिच्यामागं बैल उधळणारच. कोवळी होती अजून, पाय भरले नव्हते. तरी घाटात पळवून पळवून तिचा पुढचा पाय सुजवलाच त्यांनी.

जत्रेदिवशी, घाटाच्या पायथ्याला, मैनेचं दावं माझ्या हातात होतं. मी ते मनगटाला गुंडाळून घेतलं होतं. पोटच्या लेकरासारखी वाढवली होती ती. मनात एकच होतं, हात तुटला तरी सोडायचं नाही.

"हिला न्हाई सोडायची, हौसराव. हिची आय ह्याच मातीत..."

"आबा, बाजूला व्हा. चारचौघात तमाशा नगं."

विश्वजीतनं सुई भरली आणि डबी झाकली. टक्.

मैनेनं उजवा पाय उचलला. पुढं धरला. डोळे मिटले.

पाव्हणं, मैनेला जन्मात कधी सुई लागली नव्हती. ती सगळी वर्षं मी होतो तिच्यापाशी. तिला ते कुणी शिकवलं?

विश्वजीतचा हात तिथंच थांबला. "दाजी," तो पुटपुटला, "दाजी... तुमी..."

मी वळून बघितलं. हौसरावानं पण पाय उचलला होता. उजवा. पुढं धरला होता, आणि तो पाय थरथरत होता. त्याचं त्याला ध्यानात नव्हतं. तो आम्हालाच विचारत होता, "काय बगताय रं?"

तेवढ्यात कर्णा बोंबलला. झाली, झाली, झाली. गलका झाला, बैल धरणाऱ्यांचे हात सुटले. मी दावं सोडलं नव्हतं. मैना माझ्यापाशीच होती. तरी बैल सुटले, कारण त्यांच्यापुढं कुणीतरी सुटलं होतं. हौसराव.

माणूस गाड्याच्या बैलापुढं टिकत नाही. तो टिकला. चपला पडल्या, फेटा सुटला, आणि तो मान झुलवत पळत होता. जे बैल दुसऱ्या घोडीमागं पाऊल टाकायचे नाहीत, ते त्याच्यामागं जीव खाऊन पळत होते. अर्ध्या घाटात, त्याच जागी, वाळलं लाकूड मोडावं तसा आवाज आला.

तो थांबला नाही. निशाणाच्या पार गेला. कर्ण्यावाल्यानं सवयीनं सेकंद सांगितले. मग त्यानंच कर्णा बंद केला.

वर तो उभा होता. पाय टेकवायला बघत होता. पाय जागेवर नव्हता. तोंडावर हसू होतं. "काय झालं?" म्हणाला. "आला न्हवं आपला नंबर? समदी अशी का बगताय?"

त्याच्यासाठी मात्र बाऱ्या लगेच थांबल्या, पाव्हणं. साखळी आणली नाही कुणी. माणसांनी हातांवर उचलला, जीप थेट घाटात आली. तेव्हा मला कळलं, गाडे थांबवता येतात. मनात आलं तर लगेच थांबवता येतात.

दवाखान्यात पोचेपर्यंत त्याला काही कळत नव्हतं. दुपार कलल्यावर कळलं. सुलक्षणावहिनी सांगते, तो माणसासारखा ओरडत नव्हता. लोक म्हणाले, धक्काबुक्कीत सुई चुकून त्यालाच लागली असेल. विश्वजीतनं ती सुई मला दाखवली. भरलेली होती तशीच. त्यातला थेंब कमी झाला नव्हता. त्यानं दुकान विकलं, आता सणसवाडीला कंपनीत जातो.

हौसरावाचा पाय गुडघ्यापासून काढला. तो आहे अजून, ओसरीवर बसून असतो. सुलक्षणावहिनीनं दुसऱ्याच दिवशी मैनेचं दावं माझ्या हातात दिलं. "आबा, हिला घिऊन जा. कुनी बी मागू द्या, पळवाया दिऊ नगा."

तेव्हापासून मैना इथं आहे. चरते, झोपते. आजवर तिला मागायला तुमच्यासारखे कैक आले. मी कुणाला नाही म्हणत नाही. एवढं ऐकवतो, मग ज्याचं तो ठरवतो.

घ्या, चहा आला. धुरपदे, कंदील जरा अलीकडं सरकव. हां. ती बघा मैना, दिसली का? चारी पाय जमिनीवर टेकवून उभी आहे. निवांत.

मघाशी, मी त्या खड्ड्याचं सांगत होतो ना, तेव्हा बोलण्याच्या नादात तुम्ही डबी झाकलीत. वाजली ती. मी ऐकलं, पण मध्येच तोडायला नको म्हणून बोललो नाही. मैनेनं पाय उचलला नाही तेव्हा. मी बसलोय तिथनं ती दिसते, तिच्याकडंच बघत होतो.

मग तुमच्याकडं बघितलं.

पाव्हणं, बराच वेळ झाला, तो उजवा पाय तुम्ही असा पुढं धरून बसलाय. टेकवा. घाई नाही, सावकाश टेकवा.

टेकला का?

नाही... खाली बघू नका. न बघता सांगा मला. टेकलाय का तो?

कळतंय का काही?